घडीत उमटलेलं मत

पहिल्या कागदावर दोन ठसे दिसले तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. दुसऱ्यावरही दोन होते, तिसऱ्यावरही. पुढची मतपत्रिका तिने खिडकीच्या उजेडाकडे किंचित कलती धरली. कागदाच्या वरच्या टोकाला मताच्या शिक्क्याचं एक भिरभिरं, खालच्या टोकाला दुसरं. शाई दोन्हींची सारखीच दाट, आकार सारखाच, आणि तरी ते एक नव्हते. एकाची पाती उजवीकडे वळलेली होती, दुसऱ्याची डावीकडे. एक आरशात बघणारा आणि एक आरशातला. हा फरक तिला कोणी समजावून द्यावा लागला नाही. तो डोळ्यांना आधी दिसला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून बसलो आहोत, स्फटिक चिमट्यात धरताना बसायचो तशा.

"काय झालं, मॅडम?" शेजारच्या खुर्चीवरून गणिताच्या सरांनी विचारलं. ते तिच्याच कॉलेजात शिकवायचे आणि तिच्यासारखेच मोजणीच्या कामाला धरून आणलेले होते.

"काही नाही. हा गठ्ठा कुठला?"

"बाइंडरी वसाहत. सगळेच असे दिसतायत. दोन-दोन ठसे. दोघांनाही खूश करून टाकलंय लोकांनी." सर स्वतःच्याच विनोदावर हसले आणि चष्मा पुसायला लागले.

मोजणी एका शाळेच्या खेळाच्या सभागृहात चालली होती. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा आखलेल्या होत्या आणि टेबलं त्या रेषांची पर्वा न करता मांडली होती, त्यामुळे तिची खुर्ची अर्धी कोर्टात आणि अर्धी कोर्टाबाहेर होती. बाकीच्या टेबलांवर कागद सरळ मोजले जात होते. ज्यांच्याबद्दल वाद होईल ते तेवढे तिच्याकडे यायचे. फाटलेले, शिव्या लिहिलेले, रेघेवर ठसा मारलेले. एकाने तर सगळ्या नावांपुढे फुल्या मारून खाली 'तुम्हीच ठरवा' असं लिहिलं होतं. ते ठरवण्याचंच तिचं काम होतं आणि तिचा निर्णय शेवटचा होता. नेमणुकीच्या वेळी तिच्याकडून लिहून घेतलं होतं की कुठल्याही उमेदवाराशी आपलं नातं नाही. तिने बिनदिक्कत सही केली होती. वैर आहे का, असं त्या कागदात कोणी विचारलं नव्हतं.

मतदारसंघ लांबट होता. वरच्या टोकाला टेकडीवरचे बंगले, मध्ये बाजार आणि कचेऱ्या, खालच्या टोकाला गोदामं, छापखाने आणि पुस्तकबांधणीचा मोठा कारखाना. उमेदवार दोघेच महत्त्वाचे: टेकडी डॉक्टरीणबाईंची, बाजार त्याचा, तिच्या वैऱ्याचा, आणि खालचं टोक ज्याच्याकडे झुकेल तो संसदेत जाणार, हे गणित शाळकरी पोरांनाही पाठ होतं. मागच्या दोन्ही वेळा ते त्याच्याकडे झुकलं होतं. ती याच मतदारसंघात राहायची, बाजारामागच्या गल्लीत, धाकट्या बहिणीबरोबर, आणि दोन्ही वेळा तिने त्याच्या विरुद्ध मत दिलं होतं. ठसा मारताना तिचा हात स्थिर असायचा. कागद पेटीत पडला की मात्र समुद्रात आम्लाचा एक थेंब टाकल्यासारखं वाटायचं. कशाचाच रंग बदलायचा नाही. संध्याकाळी त्याची मिरवणूक त्याच गल्लीतून जायची आणि बहीण खिडकी लावून घेत म्हणायची, "अगं, किती वर्षं त्याला उराशी धरून बसणार आहेस? लोक नवऱ्यालासुद्धा इतकं धरून बसत नाहीत."

बहिणीला वाटायचं, प्रेमभंग असणार. तसं असतं तर बरं झालं असतं, प्रेमभंगाला निदान काळ हे औषध आहे असं लोक म्हणतात. इथे काही भंगलं नव्हतं. काहीतरी मिसळलं होतं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उत्तरेच्या खिडकीपाशी तिचं स्टूल असायचं. थंड खोलीत वाढवलेले क्षाराचे स्फटिक, साखरेच्या दाण्याहून थोडे मोठे, भिंगाखाली एकेक करून बघायचे. प्रत्येकाच्या कडेला एक तिरकी बारीक पैलूरेघ असायची, कुणाची उजवीकडे कललेली, कुणाची डावीकडे. चिमट्याने उचलायचा, फिरवून बघायचा, उजवा या काचेत, डावा त्या काचेत. दिवस मावळेपर्यंत काचेच्या तळाला जेमतेम धुळीएवढा थर जमायचा. हिवाळाभर ती हेच करत होती. घरी जाताना रस्त्यावरच्या सगळ्या गोष्टी तिला उजव्या-डाव्या दिसायच्या, गोगलगाईंचे शंख, वेलींचे पीळ, केसांचे भोवरे. शेजारच्या टेबलावर तो होता. त्याला प्रयोगशाळेत सगळे 'राजे' म्हणायचे, कारण तो स्वतः काही करायचा नाही पण तो आला की सगळ्यांना आपण काहीतरी करतोय असं वाटायचं. तो बोलायचा. बोलता बोलता दुसऱ्याचा चहा प्यायचा. तिच्या खांद्यावरून भिंगात डोकावून म्हणायचा, "वा! काय सुंदर," आणि पुढे निघून जायचा. दोन्ही ढीग मोजमापाच्या खोलीत नेण्याचा दिवस आला तेव्हा तिला ताप होता, आणि काचा तो घेऊन गेला होता. उपकरणाने शून्य दाखवलं. एका ढिगाने प्रकाश उजवीकडे वळवायला हवा होता, दुसऱ्याने डावीकडे. दोन्हींनी कुठेच वळवला नाही. दोन्हींत दोन्ही होते. मार्गदर्शक सरांच्या खोलीत ती गेली तेव्हा तो आधीच तिथे बसला होता, आणि त्याने इतक्या सहानुभूतीने, इतक्या हळू आवाजात सांगितलं होतं, "सर, तिचा दोष नाही. इतके महिने भिंगातून बघून कोणाचीही नजर दगा देईल." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "नजरेच्या भरवशावर विज्ञान होत नाही, बाई." पुढच्या वर्षी तिचा विषय काढून घेण्यात आला. त्यानंतरच्या वर्षी राजे कंटाळून राजकारणात गेले.

त्याने ढीग मुद्दाम मिसळले, याबद्दल तिला कधी शंका नव्हती. कसे मिसळले असतील तेही तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की ती आठवणच झाली होती, जिन्यातली वळणाची पायरी, त्याचा हात, एक काच दुसरीत रिकामी होताना, आणि मग बोटाने केलेले दोन सारखे भाग. तिच्या सुडाच्या कल्पना मात्र वर्षागणिक लहान होत गेल्या होत्या. सुरुवातीला त्याला तुरुंग होता. मग भर सभेत त्याची जीभ अडखळणं होतं. अलीकडे तर एवढंच उरलं होतं की तो एकदा हरावा, आणि हरला हे त्याला कळावं.

दुपारी फलकावर आकडे लागले आणि सभागृहातला आवाज बसला. सगळ्या पेट्या मोजून झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई थोड्या मतांनी पुढे होत्या, आणि ती आघाडी तिच्या टेबलावरच्या गठ्ठ्यापेक्षा कमी होती. म्हणजे बाकी सगळा मतदारसंघ, टेकडी, बाजार, गोदामं, महिनाभराची भाषणं, एकमेकांना उणं करून शून्यावर आले होते, आणि उरला होता तो फक्त तिच्या हाताखालचा ढीग. दोन्ही उमेदवारांची माणसं टेबलांपुढे आडवी लावलेली जाळी ओलांडून तिच्या टेबलाभोवती जमली. डॉक्टरीणबाईंचा माणूस म्हणजे एक तरुण वकील होता, कोटाच्या बाह्या वर सारलेला. राजेंच्या बाजूने एक बाई आली होती, पन्नाशीची, रुंद अंगठ्यांची, बाइंडरीत घड्या घालणारी. तिला सगळे मावशी म्हणत होते.

"नियम सरळ आहे, मॅडम," वकील म्हणाला. "मूळ ठसा कुठला आणि उमटलेला कुठला हे ओळखता आलं तर मत धरायचं. नाही ओळखता आलं तर बाद. आता बघा, दोन्ही सारखे काळेकुट्ट आहेत. यात काय ओळखणार? आख्खा गठ्ठा बाद करा, आम्हीही घरी जातो, तुम्हीही जा."

"बाद कसा करता?" मावशी उसळल्या. "लोकं रांगेत उभी राहिली ना उन्हात? ती काय कागद काळे करायला आलेली?"

"पण मावशी, कागद आधी उभा दुमडा म्हणून पाटी लावली होती तिथे. तसा दुमडला असता तर ठसा कोऱ्या बाजूवर उमटला असता. भानगडच नव्हती."

"पाटी वाचेपर्यंत घडी झालेली असते रे बाबा! बारा महिने तेच करतो आम्ही. कागद हातात आला की मधोमध आडवी घडी, टोकाला टोक, आणि वरून नख." त्यांनी हवेतच अंगठा ओढून दाखवला, आणि तो इतका जोरात ओढला की गणिताचे सर मागे सरकले. "मताचा कागद आहे म्हणून हाताला काय वेगळं कळतंय? हात तो हातच."

सगळे हसले. ती हसली नाही. ती त्या घडीकडे बघत होती. खरंच टोकाला टोक होतं, केसाचाही फरक नव्हता. यादीत सगळ्यात वर त्याचं नाव होतं आणि सगळ्यात खाली डॉक्टरीणबाईंचं, आणि या बायकांनी ओल्या शाईवर इतकी नेमकी घडी घालून वर नख दाबलं होतं, की त्याच्यापुढचा ठसा जसाच्या तसा डॉक्टरीणबाईंपुढे उमटला होता. किंवा उलट. हे भिरभिरं ज्याने कुणी शिक्क्यासाठी निवडलं तो शहाणा माणूस असणार. त्याने गोल किंवा फुली घेतली असती तर आरशातलं आणि खरं वेगळं करायला काही मार्गच उरला नसता. भिरभिऱ्याची पाती उजवीकडे वळतात. उमटलं की डावीकडे. पण शाई इतकी होती की पात्यांचे ठिपके झाले होते, आणि वळण उरलं होतं ते फक्त टोकांच्या बारीक खाचांत. वकिलाला ते दिसत नव्हतं. मावशींना दिसत नव्हतं. गणिताच्या सरांनी कागद नाकाशी नेऊन बघितला आणि खाली ठेवला. तिला दिसत होतं. बसल्या जागेवरून, भिंगाशिवाय, वरचे चाळीस-पन्नास कागद तिने मघाशीच वाचून टाकले होते. जवळजवळ सगळे त्याचे होते.

म्हणजे हे असं समोर आलं होतं. काही करायचंसुद्धा नव्हतं. कुठे खाडाखोड नाही, खोटं सांगणं नाही. 'ओळखता येत नाही' एवढे तीन शब्द म्हणायचे, वकील मान हलवेल, सर मान हलवतील, कारण त्यांनाही खरोखरच ओळखता येत नव्हतं, आणि तो हरेल. तिने ते शब्द जिभेवर ठेवून बघितले. त्यांची चव तिला ओळखीची वाटली. हे तर त्याचंच वाक्य होतं. त्याला पाडायचं तर तिला सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं की माझ्या नजरेला हे दिसत नाही. त्याने तेव्हा सरांच्या खोलीत जे सांगितलं ते आज स्वतःच्या तोंडाने खरं करावं लागणार होतं. सूड हवा तर आंधळं व्हायचं. आणि डोळे शाबूत ठेवायचे तर त्याला संसदेत पाठवायचं. इतकी चोख, इतकी समतोल अडचण तिने आयुष्यात पाहिली नव्हती. कोणीतरी प्रयोगशाळेत रचल्यासारखी होती ती.

"तुम्ही त्याच्या बाजूच्या कशा काय, मावशी?" तिने विचारलं. वेळ काढायचा होता. आणि खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आमच्या मागच्या दाराला मालक कुलूप घालायचा, बाई. कागद चोरीला जातात म्हणे. आत धूळ, डिंकाचा वास, आणि एकच दार. अर्ज करून थकलो. हा माणूस एक दिवस आला, हातोडा मागितला, आणि स्वतः कुलूप फोडलं. मालक बघत राहिला. पुन्हा लावलं की पुन्हा येतो म्हणाला." मावशींनी ढिगाकडे बोट केलं. "ते बोलतात जास्त, ते आम्हालाही कळतं. पण दार उघडं आहे ना."

हे तिला नको होतं. हातोडा तिला त्याच्या हातात दिसेना. बोलता बोलता दुसऱ्याचा चहा पिणारा हात तो. त्याने कुलूप का फोडावं? फोटोवाला बरोबर असणार, तिने स्वतःला सांगितलं. असणारच. पण दार उघडं होतं.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि तो आला. केस पांढरे झाले होते, आवाज जाड. त्याने आधी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला, मग वकिलाला "काय सर, पळवताय का माझी मतं?" असं म्हणून हसवलं, आणि मग तिच्याकडे वळून हात जोडले. "मॅडम, काय अडचण आहे?" डोळ्यांत ओळखीची खूण नव्हती. त्याला ठशांचं सांगितलं गेलं. त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि तो तिच्याशी नाही, भोवतालच्या गर्दीशी बोलायला लागला. "अहो, ही तर माझी गोष्ट आहे! मी मुळात शास्त्रज्ञ माणूस. उजवे-डावे स्फटिक, आरशातली रूपं, यावर वर्षं घालवली आहेत मी. डोळ्यात तेल घालून हेच तर करायचो आम्ही. भिंग आहे का कुणाकडे? मी सांगतो ना, खरा कुठला ते."

भिंग तिच्या पर्समध्ये होतं. ते काढून तिने टेबलावर ठेवलं. फार दिवसांनी तिला एक प्रयोग सुचला होता. "सांगा ना," ती म्हणाली. "फक्त नावं दिसायला नकोत. नाहीतर कोणालाही आपलंच नाव खरं वाटेल."

"अगदी बरोबर!" वकील म्हणाला.

तिने एक कोरा जाड कागद घेतला, मधोमध ठशाएवढं भोक कापलं, आणि तो मतपत्रिकेवर ठेवला. भोकातून एकच भिरभिरं दिसत होतं, कुठल्या नावापुढचं ते कळायला मार्ग नव्हता. तो वाकला. भिंगात बघताना त्याच्या कपाळाला तीच आठी पडली जी तेव्हा पडायची. "वा," तो म्हणाला. "हा खरा. स्पष्ट दिसतंय."

तो उमटलेला होता. तिने दुसरा कागद ठेवला. "हा उमटलेला." बरोबर. तिसरा. "खरा." चूक. सर बाजूला एका चिठ्ठीवर टिपून घेत होते. चौथ्या वेळी तिने मघाचाच पहिला कागद घेतला, ठसाही तोच, फक्त खालचं वर करून. भिरभिरं कितीही फिरवा, त्याची पाती वळायची तिकडेच वळतात. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसतं, जर दिसत असेल तर. तो बराच वेळ बघत राहिला. "हा उमटलेला," तो ठामपणे म्हणाला. "याचं वळण पहिल्याच्या अगदी उलटं आहे."

"हा पहिलाच आहे," ती म्हणाली, आणि वरचा कागद उचलला.

आधी कोणीतरी फिस्सकन हसलं. मग जाळीपलीकडचे हसले. तोही हसला, सगळ्यात मोठ्याने, पण त्याचे डोळे भिंगावर होते, आणि त्या डोळ्यांत तिला ते स्वच्छ दिसलं. त्याला दिसत नव्हतं. आता नव्हे, कधीच दिसलं नव्हतं. तिच्या खांद्यावरून डोकावून "वा, काय सुंदर" म्हणायचा तेव्हाही त्याला दोन काचांत एकच साखर दिसत होती. तिची ती पाठ झालेली आठवण, जिन्यातली वळणाची पायरी, एक काच दुसरीत रिकामी करणारा हात, ती हलली. त्या हाताला काय मिसळतोय हे कळत होतं, असं तिने इतकी वर्षं धरलं होतं. त्याला नव्हतं कळत. कदाचित पाय घसरला असेल. कदाचित सांडलं असेल आणि त्याने अंदाजाने पुन्हा दोन ढीग केले असतील, काय फरक पडतो म्हणून. आणि मग सरांसमोर बसून त्याने एका अशा गोष्टीचा न्याय केला जी त्याने कधी पाहिलीच नव्हती. ती एका डोळस दुष्ट माणसाचा द्वेष करत आली होती. तसा माणूस नव्हताच. त्याने तिचं आयुष्य मोडलं होतं ते बघूनसुद्धा नाही. तिला वाटलं होतं हे कळलं की राग ओसरेल. तो ओसरला नाही. तो आणखी स्वच्छ झाला, तळाचा गाळ काढून टाकलेल्या द्रावासारखा.

"झालं तर!" वकिलाने टाळी वाजवली. "साहेब स्वतः शास्त्रज्ञ, त्यांनाच ओळखता येत नाही, म्हणजे कुणालाच येत नाही. मॅडम, बाद करा."

"बाई," मावशी म्हणाल्या, "तुम्हाला दिसतंय का?"

"तेच विचारतो मी," वकील म्हणाला. "मॅडमना दिसत असेल तर त्यांनीही परीक्षा द्यावी. तशीच. सर, कागद तुम्ही धरा."

सरांनी तिची परवानगी घेतल्यासारखं तिच्याकडे बघितलं आणि भोकाचा कागद ओढला. आता तर 'ओळखता येत नाही' म्हणायचीही गरज नव्हती. चार-दोन उत्तरं चुकवायची, बस. कोणाला कळणार होतं? तिच्याशिवाय या खोलीत कोणालाच नाही. तो समोर उभा होता, घाम पुसत, पडणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते दाखवत. तो चेहरा बघण्यासाठी तिने दोन निवडणुका, आणि त्याआधीची सगळी वर्षं वाट पाहिली होती. पहिलं भिरभिरं भोकात आलं. तिने भिंग घेतलं नाही.

"खरा," ती म्हणाली.

ते बरोबर होतं. चुकीचा शब्द तिच्याजवळ तयार होता, दातांमागे; पण डोळ्याने सांगितलेलं तोंडाने फिरवणं तिला जमेना, आणि त्यात काही चांगुलपणा नव्हता. तिला त्या क्षणी ना मतदारसंघ आठवला, ना मावशी, ना दाराचं कुलूप. तिला फक्त त्याने ऐकावं असं वाटत होतं. "उमटलेला," ती म्हणाली. "उमटलेला. खरा. हा मघाचाच, फिरवलेला." सर घाईने कागद बदलायला लागले, उलटसुलट, पुन्हा तेच, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत, ठशाकडे क्षणभरच नजर टाकून, एकेक शब्द त्याच्यावर फेकत गेली. खरा. खरा. उमटलेला. प्रत्येक उत्तर म्हणजे त्याच्या गालावर एक चापट होती, आणि प्रत्येक चापटीबरोबर तो जिंकत होता. हे तिला कळत होतं आणि तरी तिला थांबता येत नव्हतं. आवाज चढला होता तिचा. सभागृहात आता कोणी हसत नव्हतं. तोच ठसा पुन्हा आला तरी तिचं उत्तर एकदाही बदललं नव्हतं. वकिलाने शेवटी हात वर केले. "पुरे, मॅडम. मान्य."

मग तिने आख्खा गठ्ठा वेगळा केला. दोन ढीग, एक इकडे, एक तिकडे, एकाही कागदावर न अडखळता. डॉक्टरीणबाईंचा ढीग छोटासा झाला. त्याचा इतका झाला की वरचे कागद घसरायला लागले, आणि मावशींनी सवयीने पुढे होऊन त्यांच्या कडा तळहाताने ठोकून सरळ केल्या. "हात लावू नका, मावशी," सर म्हणाले. फलकावरचा आकडा बदलला. बाहेर आरडाओरडा सुरू झाला.

निकालाच्या कागदावर सही करायला तो तिच्या टेबलाशी आला. माणसं त्याला मागून ढकलत होती, कोणीतरी त्याच्या नावाने घोषणा देत होतं. सही करून त्याने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो टेबलावर वाकला, आणि त्याचा आवाज एकदम तो जुना झाला, प्रयोगशाळेतला, हळू, सहानुभूतीचा.

"तूच ना? कागद फिरवलास तेव्हा ओळखलं मी. खरं सांगू? मला तेव्हा वाटायचं, तू नाटक करतेस. मला वाटायचं कोणालाच दिसत नसणार ते. सगळेच नुसतं हो हो म्हणतायत." तो हसला, ते हसू खरं होतं, त्यात लाजही होती. "दिसत होतं तुला. आजही बघ, एकूण एक बरोबर सांगितलंस."

एवढ्यासाठी ती जगली होती, असं म्हटलं तरी चाललं असतं. एवढं एक वाक्य, त्याच्या तोंडून, चार माणसांत. ते आलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, स्वच्छ, उपकरणाच्या काट्याकडे बघावं तशी, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं,

"एकूण एक बरोबर, हे तुला कसं कळलं?"

त्याने तोंड उघडलं. सर बघत होते, वकील बघत होता, मावशीही बघत होत्या. बाहेर त्याचं नाव पुकारलं जात होतं, पुन्हा पुन्हा, पण तो तिथेच उभा होता, टेबलाच्या कडेला हात टेकून, एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे बघत. तिला काही घाई नव्हती.